अकरा महिने

करारात लिहिलंय : कुत्रा, मांजर, पक्षी पाळता येणार नाही.
तीनदा वाचलं.
आठ पायांबद्दल त्यात काही नव्हतं.

उलव्याला एका बेडरूममध्ये
भूपेश कडूने फळ्यांवर डबे मांडलेत,
लोणच्याच्या बरण्या मांडाव्यात तसे, वर तारखा चिकटवून.
त्याची आई चहाचा ट्रे उंबऱ्यावरच ठेवते.
मी निळीकडे बघत राहिले.
निळी म्हणजे मोराच्या मानेसारखी,
आत्ता या कोपऱ्यात, आत्ता त्या.
“ती नको,” भूपेश म्हणाला. “पहिलीच ना तुमची?
दिसण्यावर जाऊ नका. एका जागी बसणारी घ्या.”
मामीने स्थळांबद्दल हेच सांगितलं होतं.
तेव्हा मी ऐकलं नव्हतं.

एका जागी बसणारी ती ही.
मूळची मेक्सिकोकडची, गुडघ्यांना शेंदूर,
बाकी अंगभर काळोख. अजून पेढ्याएवढीच.
“नर की मादी?”
“फरक काय?”
“नर पाच-सहा वर्षांत आटोपतो. मादी वीस काढते.”

वीस.
मी मनातल्या मनात अकरा महिन्यांनी भागलं.
एकवीस करार. बाकी नऊ.
एकवीस वेळा भाडेवाढ, एकवीस वेळा पोलीस चौकीतला तो फॉर्म,
एकवीस बायका दारात उभ्या राहून विचारणार :
एकट्याच का? कोण येणार-जाणार?
घरात मासे करता?

“मादी द्या,” मी म्हणाले.
बिल आणि वनखात्याच्या नोंदणीचा कागद
त्याने फोल्डरमध्ये घालून दिला.
माझ्यापेक्षा तिचे कागद पक्के.

तुर्भ्याच्या घाऊक दुकानात मला उंच डबा आवडला होता.
भूपेशने फोनवर ओरडून बुटका घ्यायला लावला :
वरून पडली तर पोट फुटतं.
दाभण गॅसवर तापवून भोकं पाडली, आतून बाहेर,
कडा तिला टोचू नयेत म्हणून.
नारळाचा भुसा भिजवला, पिळला, थापून बसवला.
फुटक्या कुंडीचं खापर आडवं ठेवलं.
पाण्याला बाटलीचं बूच.
उबेसाठी दिवा लागत नाही.
कोपरखैरण्यात उकाडा भाड्यातच येतो.

डिपॉझिट घेतलं नाही.

तीन आठवडे ती खापराखाली गेलीच नाही,
कोपऱ्यात, एक पाय भिंतीवर टेकवून,
जागा बघायला आलेल्या माणसासारखी.
मग एका रात्री माती उपसायला लागली.
तोंडात गोळी धरायची, बाहेर आणून ठेवायची,
परत आत. मी अडीचपर्यंत जागी.
सकाळी दार बंद. आतून लिंपलेलं,
वर रेशमाचा पातळ हात.

टाकलेला रातकिडा तिच्या छपरावर किरकिरत होता.
“तो आधी काढा,” भूपेश म्हणाला, “कात टाकायची असेल.
तेव्हा ती इतकी मऊ असते की तोच तिला खाईल.”
चिमट्याने काढला. हात थरथरत होता,
कुणासाठी ते कळलं नाही.

दहाव्या महिन्यात रेवंडकर बाई आल्या,
चपला न काढता, नव्या कराराचा मसुदा पिशवीत.
पंखा लावून बघितला, नळ सोडून बघितला,
मग फळीवरच्या डब्यापाशी थांबल्या.
“हे काय, नुसती माती?”
“कोथिंबीर लावलीय.”
चष्मा वर करून त्यांनी नाक झाकणाला लावलं.
माझा श्वास कुठेतरी अडकला.
“उगवत नाहीये वाटतं.”
“वेळ लागतो.”
“धणे जुने असतील,” बाई म्हणाल्या,
आणि दहा टक्के वाढ सांगितली.

मी सही केली. प्रत्येक पानावर, खाली, उजवीकडे.
शेवटच्या पानावर पेन थांबवून विचारलं :
दाराला आतून आणखी एक कडी बसवली तर चालेल का?

“चौकटीला भोकं पडतात,” त्या म्हणाल्या.
“वाचा. तेही लिहिलंय त्यात.”